हाडांची ठिसूळता: मनगट जुळलं, आता पुढे काय?

केळीबाग_यावल
नमस्कार मंडळी. सासूबाई ७१ वर्षांच्या. ओट्यावरून उतरताना पाय सरकला, हातावर पडल्या आणि उजवं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं, हात बरा आहे, परवा भाकरीही थापली. पण त्या वेळी पाठीचा एक्सरे काढला, त्यात एक मणका दबलेला दिसला, आणि तोही जुना. कधी दबला ते त्यांनाच माहीत नाही. कापूस वेचून वेचून कंबर धरली असेल, असंच घरात सगळे म्हणायचे. कोनाड्यातला हळदीचा डबा पूर्वी टाचा न उचलता काढायच्या, आता स्टूल लागतं. उंची कमी झालीये हे एक्सरे बघितल्यावर लक्षात आलं.

कॅल्शियमच्या गोळ्या आणि आठवड्याला एक ड जीवनसत्त्वाची साठ हजार युनिटची पुडी एवढंच लिहून दिलंय. पुण्याची नणंद म्हणते वर्षातून एकदा सलाईनमधून इंजेक्शन असतं ते द्या. चुलत सासरे म्हणतात त्या इंजेक्शनने जबडा सडतो. मला ऐकीव नको आहे. माणसांवर नीट चाचण्या होऊन काय सिद्ध झालंय, ते कोणी सांगेल का?

चोपड्याची_लेक
वाचनखूण साठवली. आईचं अगदी हेच चालू आहे.

शिरपूरकर
ताई, इंजेक्शनच्या भानगडीत पडू नका. नाचणी, तीळ, शेवग्याचा पाला, घरचं दूध आणि सकाळचं कोवळं ऊन. आमची आजी नव्वदीपर्यंत खुरपायला जायची, कधी गोळी घेतली नाही. कॅल्शियम पोटात गेलं की हाड आपोआप मजबूत होतं.

आकडेमोड
माहेर पाचोरा, सध्या पुण्यात. औषधांच्या चाचण्यांच्या आकडेवारीवर काम करते, म्हणून लिहिते.

शिरपूरकर दादा, आहाराबद्दल सहमत, "आपोआप" या शब्दाला नाही. या विषयावर फार मोठ्या चाचण्या झाल्या आहेत. अमेरिकेतल्या विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्हमध्ये ३६,२८२ स्त्रियांना कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व किंवा औषध नसलेली, नुसती खोटी गोळी दिली. २००६ मध्ये निकाल आला. खुब्याची मोडतोड १२ टक्के कमी दिसली, पण हा फरक योगायोगाचाही असू शकतो इतका छोटा होता. मुतखडे मात्र १७ टक्के वाढले. पुढे व्हायटल नावाची चाचणी झाली. जवळपास २६ हजार लोकांना पाच वर्षं रोज २००० युनिट ड जीवनसत्त्व दिलं. २०२२ चा निकाल असा की हाडं मोडण्याच्या प्रमाणात काही फरक नाही.

पण इथे थांबून "गोळ्या फुकट" म्हणू नका. हे लोक बहुतांशी धडधाकट, खाऊनपिऊन सुखी, आणि त्यांच्यात मुळात कमतरता फारशी नव्हती. फ्रान्समध्ये वृद्धाश्रमातल्या सरासरी ८४ वर्षांच्या स्त्रियांना १२०० मिग्रॅ कॅल्शियम आणि ८०० युनिट ड दिलं, तेव्हा खुब्याची मोडतोड ४३ टक्के घटली. १९९२ ची गोष्ट. त्या बायका उन्हात जात नव्हत्या, खाणं तुटपुंजं होतं. म्हणजे कमतरता आहे तिथे भरून काढल्याचा फायदा. ज्याचं भरलेलं आहे त्याला आणखी ओतून काही मिळत नाही. आपल्याकडच्या पदर डोक्यावर, दार बंद, पंखा चालू अशा म्हाताऱ्या बायका पहिल्या गटात मोडतात की दुसऱ्या, ते रक्त तपासून कळतं.

आणि एक. साठ हजारची पुडी किती आठवडे घ्यायची, ते डॉक्टरांना नीट विचारून घ्या. ऑस्ट्रेलियात सत्तरीपुढच्या स्त्रियांना वर्षातून एकदम पाच लाख युनिट दिले होते. त्या गटात पडणंही वाढलं आणि हाडं मोडणंही वाढलं. हा २०१० चा निकाल.

तापीकाठ
आकडेमोड ताई, हे केळीला आहे तसंच आहे. पाणी तेवढंच, पण ठिबकने रोज दिलं तर घड भरतो, महिन्यातून एकदा पाटाने सोडलं तर मूळ सडतं. फार चांगला प्रतिसाद.

कोवळ्या उन्हाचं काय मग? आमच्याकडे मे महिन्यात दहानंतर अंगणात पाऊल ठेवणं म्हणजे शिक्षा.

आकडेमोड
तापीकाठ दादा, ड जीवनसत्त्व तयार करणारे किरण कोवळ्या उन्हात फारच कमी असतात. ते साधारण दहा ते तीनच्या उन्हात असतात. उन्हाळ्यात भुसावळ-जळगावला त्या वेळी म्हाताऱ्या माणसाला बाहेर बसवणं धोक्याचं. थंडीत मात्र हात-पाय उघडे टाकून अकराच्या सुमारास बसता येतं. बाकीच्या महिन्यांत कमतरता असेल तर औषध घ्यावं.

डॉ_अस्थी
धुळ्याकडे प्रॅक्टिस करतो. धागाकर्तीच्या मूळ प्रश्नावर येतो, कारण माझ्या मते तो फार महत्त्वाचा आहे आणि चर्चा कॅल्शियमपाशी अडकली आहे.

ताई, साध्या पडण्याने मनगट मोडलं आणि शिवाय मणका दबलेला आहे. म्हणजे सासूबाईंना हाडांची ठिसूळता आहे. हाडांच्या घनतेच्या तपासणीत टी-स्कोअर काय येईल याची वाट न बघता हे म्हणता येतं. अशा माणसाला कॅल्शियम आणि ड हा पाया झाला, उपचार नव्हे. आपल्या भागात सगळीकडे दिसतं ते हेच: मोडलेलं हाड उत्तम बसवतात, प्लेट टाकतात, खुबा बदलतात, टाके काढतात आणि पेशंट घरी. हाड का मोडलं, त्याचं औषध कोणी सुरूच करत नाही. मग दोन-तीन वर्षांनी तीच बाई दुसऱ्या बाजूचा खुबा मोडून येते. मला हे बघून दर वेळी चीड येते, कारण उपाय हाताशी आहे.

पुरावा सांगतो. अ‍ॅलेन्ड्रोनेट, आठवड्यातून एकदा घ्यायची ७० मिग्रॅची गोळी. या औषधाच्या १९९६ च्या मोठ्या चाचणीत फक्त आधीच मणका दबलेल्या २,०२७ स्त्रिया घेतल्या होत्या, म्हणजे बरोबर तुमच्या सासूबाईंसारख्या. तीन वर्षांत नवीन मणका दबण्याचं प्रमाण खोट्या गोळीवर १५ टक्के, औषधावर ८ टक्के. खुबा मोडण्याचं प्रमाण निम्मं.

नणंद म्हणतात ते इंजेक्शन झोलेड्रोनिक अ‍ॅसिड, ५ मिग्रॅ, वर्षातून एकदा. २००७ च्या होरायझन चाचणीत मणके दबणं ७० टक्के आणि खुबा मोडणं ४१ टक्के कमी झालं. त्याच वर्षी दुसरी चाचणी आली, खुबा मोडून ऑपरेशन झालेल्या दोन हजारांवर लोकांची. ऑपरेशननंतर ९० दिवसांच्या आत हे इंजेक्शन दिलं तर नवीन हाड मोडणं ३५ टक्के कमी झालंच, शिवाय मृत्यूही २८ टक्के कमी झाले.

भुसावळ_जंक्शन
डॉक्टरसाहेब, आदर ठेवून विरोध नोंदवतो. रेल्वेत हिशेबात आयुष्य गेलं, टक्क्यांची भाषा ओळखतो. "खुबा मोडणं निम्मं" म्हणजे किती? कशाचं निम्मं? आणि या चाचण्यांना पैसा औषध कंपन्यांनीच दिलेला असतो ना?

आकडेमोड
काका, प्रश्न योग्य आहे आणि उत्तर सरळ आहे. अ‍ॅलेन्ड्रोनेटच्या त्या चाचणीत खुब्याचं २.२ टक्क्यांवरून १.१ टक्के झालं. म्हणजे शंभरात एकीचा खुबा वाचला, तीन वर्षांत. मणक्यांचं १५ वरून ८, म्हणजे शंभरात सात जणींचा मणका वाचला. ज्यांचा धोका मुळात जास्त, त्यांना फायदा जास्त. म्हणूनच हे औषध चाळिशीतल्या धडधाकट बाईला द्यायचं नसतं, आणि मणका दबलेल्या ७१ वर्षांच्या बाईला टाळायचं नसतं.

पैशांबद्दल: त्या दोन्ही औषधांच्या मूळ चाचण्या कंपन्यांच्याच पैशाने झाल्या, खरं आहे. पण न्यूझीलंडच्या संशोधकांनी स्वतंत्रपणे केलेली, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेली चाचणी आहे. ६५ वर्षांवरच्या २,००० स्त्रिया, हाडं विरळ पण अजून ठिसूळतेच्या पायरीवर न पोचलेली. दर दीड वर्षाने तेच झोलेड्रोनिक अ‍ॅसिडचं इंजेक्शन, सहा वर्षं. साध्या पडण्याने होणारे फ्रॅक्चर ३७ टक्के कमी. तिला पैसा तिथल्या सरकारी आरोग्य संशोधन परिषदेने दिला होता.

भुसावळ_जंक्शन
पटलं. आता जबड्याचं सांगा, कारण ते आमच्याही घरी कोणीतरी बोललं होतं.

डॉ_अस्थी
जबड्याचं हाड उघडं पडून न भरणं, हा दुष्परिणाम खरा आहे. पण तो मुख्यतः कॅन्सरच्या पेशंटमध्ये दिसतो, कारण त्यांना हेच औषध दर महिन्याला आणि एकूण कितीतरी जास्त मिळतं. होरायझन चाचणीत सात हजारांवर स्त्रिया होत्या. जबड्याच्या शक्यतेच्या दोन केस सापडल्या, एक औषधाच्या गटात आणि एक खोट्या औषधाच्या गटात. दात काढायचा किंवा हिरडीचं काही काम असेल तर ते आधी उरकून घ्यावं, एवढी काळजी पुरते.

लपवायचं काही नाही, म्हणून बाकीचंही सांगतो. पहिल्या इंजेक्शननंतर दोन-तीन दिवस ताप, अंगदुखी बऱ्याच जणींना होते. पॅरासिटॅमॉलने आटोक्यात राहते, पुढच्या वर्षी खूप कमी होते. त्या चाचणीत हृदयाचे ठोके गंभीरपणे अनियमित होण्याचं प्रमाण औषधावर १.३ आणि खोट्या औषधावर ०.५ टक्के होतं. हृदयाचा जुना त्रास असेल तर सांगायचं. किडनी कमजोर असेल तर हे इंजेक्शन चालत नाही, आणि ड जीवनसत्त्व फार कमी असताना दिलं तर रक्तातलं कॅल्शियम एकदम खाली जातं. म्हणून आधी क्रिएटिनिन (किडनीची तपासणी), कॅल्शियम आणि ड तपासायचं. थायरॉईड आणि ईएसआर (शरीरातली सूज दाखवणारी रक्ततपासणी) सोबत करून घेतो मी, दुसरं काही कारण लपलेलं नको.

साक्रीकर
डॉक्टरसाहेब, मन्ही माय बी अशीच वाकेल शे. आम्हले वाटे, वय व्हयनं का मानूस वाकसच. आते समजनं, मनका दबेल व्हतीन. उद्याच लई जास दवाखानाले.

चोपड्याची_लेक
साक्रीकर जिभाऊ, नक्की न्या. हा एक प्रतिसाद आला तरी धागा कारणी लागला.

नंदुरबार_एक्सप्रेस
पण हे सगळं गोऱ्या बायकांवरचं संशोधन ना? आपली हाडं वेगळी, कष्ट वेगळे, खाणं वेगळं. आणि आपल्याकडे किती लोकांचं हाड मोडतं हे तरी कोणी मोजलंय का?

आकडेमोड
मोजलंय, थोडंफार. हरियाणातल्या रोहतक जिल्ह्यात खुबा मोडून आलेले पेशंट मोजले होते. पन्नाशीपुढच्या एक लाख स्त्रियांमागे वर्षाला १५९ आणि पुरुषांमागे १०५. पुरुषांचा आकडा मुद्दाम बघा. हा फक्त बायकांचा आजार नाही.

वंशाचा मुद्दा अगदी बरोबर आहे. २०२० मध्ये कॅलिफोर्नियातल्या जवळपास दोन लाख स्त्रियांची माहिती प्रसिद्ध झाली. अ‍ॅलेन्ड्रोनेटसारख्या या गोळ्या खूप वर्षं घेतल्या तर क्वचित मांडीचं हाड मधोमध, विशेष काही न होता मोडतं. तीन वर्षं औषध घेणाऱ्या दहा हजार गोऱ्या स्त्रियांचा हिशेब मांडला तर १४९ खुबे वाचतात आणि असे २ फ्रॅक्चर होतात. आशियाई वंशाच्या स्त्रियांत ९१ वाचतात आणि ८ होतात. फायदा तरीही कितीतरी मोठा, पण आपल्याकडे औषधाची वर्षं मर्यादित ठेवायला हे कारण आहे. औषध थांबवल्यावर तो धोका लवकर उतरतो, हेही त्यातच दिसलं.

डॉ_अस्थी
पूरक माहिती. अ‍ॅलेन्ड्रोनेट पाच वर्षं घेतल्यावर थांबवलं की पुढे चालू ठेवलं, याची तुलना २००६ मध्ये झाली. पुढे चालू ठेवणाऱ्यांत दुखणारे मणके कमी दबले (२.४ विरुद्ध ५.३ टक्के), बाकी हाडांत फरक पडला नाही. म्हणून गोळी पाच वर्षं किंवा इंजेक्शन तीन वर्षं झाली की थांबून पुन्हा विचार करतो. मांडीत किंवा जांघेत नवीन दुखणं सुरू झालं तर मात्र एक्सरे त्याच दिवशी.

औषधपेढी
काउंटरवर उभा राहून जे दिसतं ते लिहितो.

एक: अ‍ॅलेन्ड्रोनेट लोक चहाबरोबर घेतात. त्याचा काही उपयोग होत नाही. सकाळी उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर, नंतर अर्धा तास काही खायचं-प्यायचं नाही आणि आडवं व्हायचं नाही. आडवं झालं तर अन्ननलिका भाजते. कॅल्शियमची गोळी त्याच वेळी घ्यायची नाही. ज्यांना अर्धा तास ताठ बसवत नाही किंवा वार लक्षात राहत नाही, त्यांना वर्षाचं इंजेक्शन सोयीचं.

दोन: सहा महिन्यांनी घ्यायचं एक इंजेक्शन आहे, डेनोसुमॅब. चांगलं आहे, पण मध्येच सोडलं की मणके भराभर दबतात. मुलगा सुरतला, सून शाळेत, म्हातारी एकटी गावात, एसटी बंद, अशा घरात तारीख चुकतेच. तिथे ते सुरू करण्याआधी दहादा विचार करावा.

तीन: हे मला सगळ्यात जास्त खुपतं. वातावर आणि दम्यावर "गावठी" म्हणून कागदात बांधून मिळणाऱ्या पुड्या. एका दिवसात आराम पडतो, भूक वाढते, चेहरा गोल होतो. त्यात बरेचदा स्टिरॉइड असतं, आणि ते वर्षभर पोटात गेलं की हाड पोखरून निघतं. घरात कोणी अशी पुडी घेत असेल तर डॉक्टरांना सांगा, पण एकदम बंद करू नका, तेही धोक्याचं आहे.

शिरपूरकर
तिसरा मुद्दा वाचून काका आठवले. दम्याची पुडी वर्षानुवर्षं घेत होते आणि शेवटी पाठीत पार वाकले. हे कोणी जोडून सांगितलंच नव्हतं.

मी आहारावर मात्र ठाम आहे. दुधाने काही होत नाही असं कोणी म्हणू नका.

आकडेमोड
म्हणत नाहीच! उलट तुमच्या बाजूची चाचणी आहे. ऑस्ट्रेलियात ६० वृद्धाश्रमांत, ७,१९५ रहिवाशांवर. निम्म्या आश्रमांत जेवणातलं दूध, दही, चीज वाढवलं, बाकी काही नाही. एकूण मोडतोड ३३ टक्के आणि खुबा मोडणं ४६ टक्के कमी. २०२१ मध्ये आली. कॅल्शियमबरोबर प्रथिनंही वाढली, आणि बहुधा त्यातच गोम आहे.

तापीकाठ
घ्या, दूध जिंकलं! आमच्याकडे म्हातारी माणसं दूध चहापुरतं ठेवतात आणि बाकीचं डेअरीला घालतात.

जळगावची_सून
अवांतर: ज्वारीत कॅल्शियम फारसं नाही ना? मग कळण्याची भाकरी? सासरी रोज तीच असते.

आकडेमोड
ज्वारीत अगदी कमी. कळण्यात अख्खे उडीद असल्याने प्रथिनं आणि थोडं कॅल्शियम वाढतं. सोबत वाटीभर दही आणि तिळाची चटणी घेतली तर जेवण खरंच हाडांच्या कामाचं होतं. तीळ कॅल्शियममध्ये नाचणीच्या कितीतरी पुढे आहेत, फक्त खाण्यात चमचाभरच येतात. रोजची गरज पाळी गेलेल्या स्त्रीला १२०० मिग्रॅ.

भुसावळ_जंक्शन
वांग्याच्या भरतात काय असतं?

जळगावची_सून
काका, आनंद! हाडांसाठी सोबत ताक घ्या.

ताठ_कणा
फिजिओथेरपिस्ट आहे. व्यायामाचं कोणी बोललंच नाही म्हणून लिहिते. हाड पडल्यावर मोडतं, त्यामुळे पडणं थांबवणं हा अर्धा उपचार आहे.

न्यूझीलंडमध्ये तयार झालेला ओटॅगो व्यायामक्रम घरीच करायचा असतो: पायांची ताकद आणि तोल. त्याने म्हाताऱ्यांचं पडणं साधारण एक तृतीयांशाने घटलं. खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, स्वयंपाकाच्या ओट्याला धरून टाचा उचलणं, भिंतीजवळ पावलासमोर पाऊल टाकत चालणं. एवढ्याने सुरुवात होते.

वजन उचलण्याबद्दल लोकांना भीती असते. ऑस्ट्रेलियातल्या लिफ्टमोर चाचणीत हाडं विरळ झालेल्या पाळी गेलेल्या स्त्रियांकडून आठवड्यात दोनदा, अर्धा तास, चांगलं जड वजन उचलून घेतलं, आठ महिने. कमरेच्या मणक्यांची घनता जवळपास ३ टक्के वाढली, हलका व्यायाम करणाऱ्यांची घटली. पण प्रत्येक वेळी प्रशिक्षक शेजारी उभा होता. केळीबाग ताई, सासूबाईंचा मणका दबलेला आहे, त्यामुळे त्यांनी कमरेत वाकून काही उचलायचं नाही. हंडा नाही, शेणाची पाटी नाही, वाकून कापूस वेचणं तर नाहीच. वाकायचं ते गुडघ्यातून.

आणि घर बघा. ओला ओटा, न्हाणीघराची घसरगुंडी फरशी, रात्री संडासला जाताना अंधार, झिजलेल्या सपाता. न्हाणीत एक दांडा आणि वाटेत एक छोटा दिवा, हे आजच करता येतं.

जळगावची_सून
औषधाच्या दुकानाबाहेर टाच मशीनमध्ये ठेवून मोफत हाडं तपासतात. ते धरायचं का?

डॉ_अस्थी
टाचेच्या त्या मशीनवर निदान करत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ मध्ये ठरवलेली टी-स्कोअर उणे २.५ ची रेषा डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजणाऱ्या स्कॅनसाठी आहे, खुबा आणि कमरेचा. टाचेवर काही कमी आलं म्हणून घाबरून पावडरचे डबे घेऊ नका, आणि चांगलं आलं म्हणून निर्धास्तही होऊ नका.

केळीबाग_यावल
सगळ्यांचे मनापासून आभार. डेक्सा झाला. कमरेचा टी-स्कोअर उणे ३.१. क्रिएटिनिन ठीक, हृदयाचा त्रास नाही. ड जीवनसत्त्व अगदीच कमी होतं, म्हणून डॉक्टरांनी पुड्यांचा कोर्स पूर्ण करायला लावला, पुन्हा तपासलं, आता ठीक आहे. एक हलणारा दात होता, तो काढून जखम भरलीये. गोळी की इंजेक्शन यावर सासूबाई म्हणाल्या, उठल्या उठल्या चहाशिवाय अर्धा तास बसणं मला जमायचं नाही, वर्षाचंच द्या. चुलत सासऱ्यांना दोन गटांत एकेक केस हे वाचून दाखवलं, तेव्हा तेही गप्प झाले.

डॉक्टर, एकच शंका. तारीख शुक्रवारची मिळतेय आणि रविवारी आमच्याकडे कानबाई देवी बसते. रोट करायचे असतात, घर पाहुण्यांनी भरलेलं. ताप आला तर?

डॉ_अस्थी
मग शुक्रवारी नको. सोमवारी विसर्जन झालं की मंगळवारी किंवा बुधवारी घ्या, चार दिवसांनी काही बिघडत नाही. त्या दिवशी पाणी भरपूर पाजा, उपास नको, पॅरासिटॅमॉल घरात ठेवा. ती गोळी किती वेळा द्यायची ते तुमच्या डॉक्टरांकडूनच लिहून घ्या. कॅल्शियम आणि ड चालू राहू द्या. आणि पुढच्या वर्षीची तारीख आजच कॅलेंडरवर लिहा.

ताठ_कणा
आणि रोटाचं पीठ त्यांना जमिनीवर बसून, वाकून मळू देऊ नका. टेबलावर परात ठेवा.